काकीच्या आधारावरचं प्रश्नचिन्ह

"ह्यां माझ्या नावाखाली प्रश्नचिन्ह कित्याक रे झिला?" काकीने कागद माझ्यापुढे धरला तेव्हा ती तालुक्याहून भर उन्हातून आलेली होती आणि बाजारातली लाल माठाची जुडी अजून तिच्या काखेतच होती. कागद आमच्याच घरातून गेलेला. तिच्या ई-आधारची प्रिंट. डिजिटल सहीची जागा असते तिथे एक मोठं प्रश्नचिन्ह आणि शेजारी इंग्रजीत 'व्हॅलिडिटी अननोन'. खिडकीतल्या मुलाने म्हणे कागद उलटसुलट केला आणि परत सरकवला. "आजी, यावर प्रश्नचिन्ह आहे. बरोबरची खूण असलेला आणा." खिडकीतून कागद परत येणं काकीला नवं नाही. तिला लागलं होतं ते त्या चिन्हाचं. "मी जिती आसंय ह्येचोच संशय इलो काय तेंका?" असं म्हणून ती ओटीवर बसली आणि पदराने वारा घेऊ लागली.

मी संगणक चालू केला, फाईल उघडली. ई-आधारच्या फाईलला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. काकीचं जन्मसाल कुणालाच ठाऊक नाही. देवळावर नवी कौलं चढवली त्या वर्षीचा जन्म, एवढंच घरात बोललं जायचं. आधारच्या कॅम्पात बसलेल्या पोराने तिच्याकडे बघून एक साल टाकलं आणि तेव्हापासून तेच तिचं साल झालं. आता ते अंदाजाने टाकलेलं साल बिनचूक टाईप केल्याशिवाय तिचीच फाईल उघडत नाही. ते टाकलं. मग प्रश्नचिन्हावर उजवं क्लिक, सही तपासा, सहीचे तपशील, प्रमाणपत्र दाखवा, 'ट्रस्ट' नावाचा टॅब, 'विश्वासू यादीत घाला'. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की ना? मी होय म्हटलं. प्रश्नचिन्ह गेलं, हिरवीगार खूण आली. आमचा प्रिंटर काळा-पांढरा, त्यामुळे कागदावर ती राखाडीच उमटली. पण दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत तो कागद चालला. काकीने येताना एक सोललेला नारळ आणि मूठभर सोलं आणून दिली. काम झालं.

मला मात्र ते खटकत राहिलं. ती खूण सरकारने दिलेली नव्हती. ती मी दिलेली होती.

फाईल आदल्या दिवशीही तीच होती आणि सहीही तीच. डिजिटल सही म्हणजे फाईलच्या मजकुरातून गणिताने काढलेला एक आकडा, सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बांधलेला. मजकुरातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तो आकडा जुळत नाही आणि सही मोडते. सही करणारा खरा कोण, हे त्याच्या प्रमाणपत्रावरून कळतं. ते प्रमाणपत्र देणाऱ्याला कुणीतरी मान्यता दिलेली असते, आणि आपल्या देशात या साखळीचं वरचं टोक २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने नेमलेल्या नियंत्रकाकडे असतं. त्या टोकाची माझ्या घरातल्या रीडरला, म्हणजे पीडीएफ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला, ओळख नव्हती, म्हणून तो म्हणाला, मला माहीत नाही. खोटं आहे असं तो म्हणाला नव्हता. इतकं प्रामाणिक उत्तर खिडकीच्या आतून किंवा बाहेरून मी क्वचितच ऐकलंय. मग मी त्याला सांगितलं, ठेव विश्वास, आणि त्याने ठेवला. त्या विश्वासाचं चित्र कागदावर उतरलं, कागद तालुक्याला गेला, आणि माझ्या ओटीवरच्या संगणकाचं मत तिथे सरकारी शिक्क्यासारखं चाललं.

गंमत म्हणजे कागदावरून खरोखर तपासता येईल अशी एक गोष्ट त्या प्रिंटवर होतीच. आधारवरच्या त्या दाट ठिपक्यांच्या क्यूआर कोडमध्ये नाव, पत्ता, फोटो आणि आधार देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल सही असं सगळं भरलेलं असतं. मोबाईलवरच्या योग्य अ‍ॅपने ते स्कॅन केलं की तिथल्या तिथे खरं-खोटं कळतं. खिडकीतल्या मुलाने त्याकडे पाहिलंही नाही. त्याला खूण हवी होती. शाळेच्या वहीत लाल शाईने मिळायची तशी.

आमच्या घरी संगणक आला तो मुंबईच्या चुलतभावाने नवा घेतला म्हणून. गणपतीला येताना जुना डबा, पडदा आणि लेझर प्रिंटर असं सगळं गोणपाटात गुंडाळून तो गाडीच्या टपावरून घेऊन आला. माजघरात त्याला जागा नव्हती, म्हणून ओटीवर, भाताच्या जुन्या कणगीच्या शेजारी मांडला. तेव्हापासून आमची ओटी ही वाडीची ओटी झाली. कुणी मोबाईल घेऊन येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ दाखवतं, "एवढी फक्त प्रिंट मारून दे." लाईटबिल, मुलीचा प्रवेशाचा फॉर्म, विम्याची पावती, चाकरमान्यांची कोकणकन्येची तिकिटं, लग्नाच्या मुलाचा बायोडाटा, ज्यात उंचीच्या जागी प्रत्येक वेळी अर्धा इंच वाढलेला असतो. तालुक्यात झेरॉक्सची दुकानं आहेत, सेवा केंद्रं आहेत, पण तिथे जायचं म्हणजे एसटी, आणि एसटीने गेलेली दुपार परत येत नाही. पैसे कुणी देत नाही, मी मागतही नाही. त्याऐवजी अळू येतं, कोकम येतं, मे महिन्यात आढीतले आंबे येतात. आमच्या टोनरच्या हिशेबात आंबे हे अधिकृत चलन आहे.

या सगळ्यात मला जाणवत गेलं की मोबाईलमध्ये असलेला कागद इथे कुणी कागद मानतच नाही. फाईल आलेली असते, ती वाचता येते, पाठवता येते, पण ती जणू वाटेवर असते. प्रिंटरच्या तोंडातून गरम पान बाहेर पडलं की माणूस ते दोन्ही हातांनी घेतो, एकदा उजेडाकडे धरतो आणि मग घडी घालतो. कायदा नेमकं उलटं सांगतो. डिजिलॉकरमधला कागद हा मूळ कागदाच्या बरोबरीचा, आणि सही केलेली फाईल हीच अस्सल. प्रिंट ही तिची नक्कल. कणकवलीच्या कोर्टात काम करणारा माझा एक मित्र सांगतो की संगणकातल्या नोंदीची प्रिंट पुराव्यात द्यायची तर नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली वेगळं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी हेच कलम ६५ब म्हणून ओळखलं जायचं. म्हणजे कोर्टालासुद्धा प्रिंट हा कागद नुसता कागद म्हणून पुरत नाही. पण हे काकीला सांगून उपयोग काय? तिच्या मोबाईलचा पडदा तळहातापेक्षा लहान आणि तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. "माका त्या मोबायलात काय्येक दिसणा नाय," हे तिचं कलम.

पीडीएफची कल्पना मांडणाऱ्या जॉन वॉर्नॉकने १९९१ साली एक छोटं टिपण लिहिलं होतं, 'कॅमलॉट' या नावाने. कुठल्याही संगणकावर बनवलेला कागद दुसऱ्या कुठल्याही संगणकावर जसाच्या तसा दिसावा आणि कुठल्याही प्रिंटरवर जसाच्या तसा छापला जावा, एवढंच त्याचं म्हणणं. १९९३मध्ये ते बाजारात आलं. सुरुवातीला तर फाईल नुसती बघायचं सॉफ्टवेअरही विकत घ्यावं लागायचं, ते पुढे फुकट झालं आणि मग पीडीएफ जगभर पसरलं. २००८मध्ये त्याचं आयएसओ मानकही झालं. माणूस मोठा, कल्पना मोठी. पण तो जुलै महिन्यात कोकणात आलेला नसावा.

जुलैत इथे कागद सादळतो. पापड सादळतो, काडेपेटी सादळते, तसा ए-फोरचा गठ्ठाही. वरून कोराकरकरीत दिसतो, पण बोटांना थंड आणि मऊ लागतो, आणि फडफडवला तर आवाज येत नाही. असा कागद प्रिंटरमध्ये घातला की एकाऐवजी दोन पानं चिकटून आत जातात आणि मध्येच कुठेतरी अडतात. मग मागचं झाकण उघडा, हिरवी पट्टी दाबा आणि सुरकुतलेलं पान दाढ काढावी तसं हळूच ओढा. नीट गेलं तर आणखी वेगळी मजा. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, प्लॅस्टिकची बारीक पूड असते. ती तापलेल्या रुळाखाली वितळवून कागदात बसवतात. त्या उष्णतेने कागदातलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं. पावसाच्या संध्याकाळी, लाईट कमी असताना, बाहेर पडणाऱ्या पानावरून ती वाफ उठताना स्पष्ट दिसते, आणि पान कडेने वळतं. मी आता गठ्ठा आईच्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो, वेष्टन न फोडता, आणि लागतील तेवढीच पानं काढतो. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या, त्यामुळे गेल्या पावसाळ्यातल्या वाडीच्या सगळ्या अर्जांना डांबरगोळीचा वास होता. कुठल्या टेबलावर तो वास पोचला असेल कोण जाणे.

आणि 'जसाच्या तसा' म्हणावं तर पडद्यावर उघडणाऱ्या प्रिंटच्या खिडकीत तीन गोष्टी दबा धरून असतात. पहिली, कागदाचा आकार. आपला ए-फोर २१० मिलिमीटर बाय २९७, अमेरिकेचा 'लेटर' २१६ बाय २७९. सेटिंग लेटरवर राहिलं की खालची ओळ जाते, आणि आपल्याकडचे सगळे महत्त्वाचे मजकूर, सही, पडताळणी क्रमांक, 'यावर शिक्क्याची आवश्यकता नाही' हे वाक्य, तळाशीच असतात. दुसरी, 'फिट' की 'मूळ आकार'. फिट केलं की पान थोडं आक्रसतं, कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त नकाशा असेल तर हद्द चुकते. तिसरी गोष्ट खास आपली, मराठीची. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली वर्डची फाईल आली की ओटीवर 'ग्रामसभा' हा शब्द इंग्रजी अक्षरांचा खिचडा होऊन उतरतो, कारण तो फॉन्ट आमच्या संगणकात नसतो. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरून पाठवता येतो, म्हणून ती नीट दिसते. पण दिसते एवढंच. तिच्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवा, पहिली वेलांटी पुढच्या नाहीतर मागच्या अक्षरावर जाऊन बसते. आडनाव शोधायला जावं तर सापडत नाही, डोळ्यांसमोर असून सापडत नाही. मतदार यादीत तर पानंच्या पानं चित्रं असतात, तिथे शोधायला बोट हेच साधन.

लाईट हा चौथा विषय, पण त्याबद्दल लिहीत बसलो तर लेख संपायच्या आत ती जाईल.

मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा इथली वीज कित्येक दिवस नव्हती. माड पडले, खांब पडले, मोबाईलचे टॉवर मुके झाले. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा बागेचा उतारा, बँकेचं पासबुक, आधार, सगळं मागितलं. ज्यांचं सगळं मोबाईलमध्ये होतं ते बॅटरी संपलेला फोन हातात घेऊन उभे. ज्यांच्याकडे प्रिंटा होत्या त्यातल्या काहींच्या प्रिंटा कौलं उडालेल्या घरात भिजलेल्या. शाईच्या प्रिंटरवरून काढलेलं पान पाण्यात निळं-जांभळं होऊन पसरलं होतं, लेझरचं पान चिंब असूनही वाचता येत होतं, पूड पाण्यात विरघळत नाही म्हणून. आमच्या घरात आजोबांच्या वेळची एक मोडी कागदांची वळकटी आहे. पत्र्याच्या नळीत. तिचीही एक कड भिजली होती. उलगडून बघितलं तर अक्षर जागचं हललं नव्हतं. काजळीची शाई ती, तिला पाण्याचं भय नाही. फक्त ती वाचणारा घरात कुणी उरलेला नाही. मी ती वळकटी स्कॅन करून पीडीएफ करून ठेवली आहे आणि पीडीएफची एक प्रिंट काढून त्याच नळीत सरकवली आहे. कशावर विश्वास आहे असं मला कुणी विचारलं तर उत्तर त्या नळीत आहे. माझा कशावरच पुरता नाही, म्हणून सगळंच ठेवतो.

तर ती राखाडी खूण. मध्यंतरी मी बघितलं की वाडीतली तरुण पोरं आधारच्या पासवर्डाला कंटाळून एक युक्ती करतात. फाईल उघडायची आणि 'प्रिंट टू पीडीएफ' करून नवी फाईल बनवायची. पासवर्ड जातो. पासवर्डाबरोबर सहीही जाते, उरतं तिचं चित्र. मग ज्याने आधी प्रश्नचिन्ह असताना असं केलं त्याच्या फाईलवर ते प्रश्नचिन्ह कायमचं चिकटतं, आणि ज्याने खूण आणून केलं त्याच्या फाईलवर खूण, आणि दोन्ही फाईलींमागे आता काहीच नाही. खिडकीत मात्र दुसरी चालते. हे कळल्यावर मला राग आला की हसू, हे ठरवता आलं नाही. खिडकीतल्या मुलाचा तरी काय दोष? त्याला वरून कुणी सांगितलं असेल, टिक बघून घे. पूर्वी गोल शिक्का बघून घे म्हणत. शिक्का करून देणारे तर प्रत्येक बाजारात होते.

काकीला मी हे समजावायचा प्रयत्न केला. ती ऐकत होती, सुपारी कातरत. मग म्हणाली, तू माझ्या जमिनीचो सातबारो काढ, मोठो काढ, माका वाचूचो आसा. सातबारा नुसता बघायचा तर फुकट दिसतो, पण तो माहितीपुरता. डिजिटल सहीचा हवा तर १५ रुपये. तिला माहितीपुरता नको होता. पैसे भरून सहीचा उतरवला. तीन पानं भरून नावं, कोकणातल्या कुठल्याही सातबाऱ्यासारखी, चार गुंठ्यांना चार पिढ्या. मागे शासनाच्या बोधचिन्हाची फिकट छाप. आकार, क्षेत्र, पोटखराबा, इतर हक्क, सगळे रकाने एवढ्याशा अक्षरात. रीडरमध्ये 'पोस्टर' नावाचा एक पर्याय आहे, एक पान चार पानांवर तोडून मोठं छापतो. नावांचं पान तसं काढलं. कडा कापल्या, आईने भाताची खळ केली, ओटीवर चार पानं जोडून चिकटवली. सहीची तपासणी मी आधीच केली होती. मजकूर सही झाल्यापासून बदललेला नाही, असं रीडर निर्वाळा देऊन बसला होता.

काकी त्या मोठ्या पानावर ओणवी झाली. चष्मा नाकावर, बोट पहिल्या नावावर. वाचताना ती नुसतं वाचत नव्हती. ह्यो परळाक होतो, गिरणी बंद झाली तेव्हा इलो. हीचा लग्न झाला देवगडाक, हिस्सो सोडलान पण नाव रवला. ह्यो गेलो, ह्योय गेलो. ह्येका मी बघूकच नाय. बोट हळूहळू खाली येत होतं, आणि मला वाटलं, या गावात या कागदाची तपासणी याआधी कधी इतकी नीट झाली नसेल. मग एका जागी बोट थांबलं. तिच्या नवऱ्याच्या नावावर. पाडुरंग.

"टिंब खंय गेला?"

मी पडद्यावर जाऊन बघितलं. पडद्यावरही पाडुरंगच. जुन्या हस्तलिखित उताऱ्याची झेरॉक्स तिच्याच पेटीत होती, त्यात पांडुरंग. म्हणजे हाताने लिहिलेलं संगणकात चढवताना कधीतरी अनुस्वार गळला, आणि तो न-पांडुरंग नंतर प्रत्येक फाईलमध्ये जसाच्या तसा, एक अक्षरही न बदलता, रीतसर सहीनिशी येत राहिला. सही एवढंच सांगते की सही झाल्यानंतर कुणी हात लावलेला नाही. आधी काय लिहिलं होतं, ते बरोबर होतं का, हे तिचं कामच नाही. ते काम करायला मोतीबिंदूचा एक डोळा आणि चार पानं लागली.

दुरुस्ती होते. जमीन महसूल संहितेच्या १९६६च्या कायद्यात कलम १५५ आहे, लेखनप्रमादासाठी. तहसीलदाराकडे अर्ज करायचा, जुन्या उताऱ्याची प्रत जोडायची. मी काकीला तसं सांगितलं. कोऱ्या पानावर अर्ज टाईप करायला बसलो, प्रति, मा. तहसीलदार, विषय. ती मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर तिला काही दिसत नव्हतं, तरी उभीच राहिली.

"सगळा लिवन झाला की माका प्रिंट काढून दाखव," ती म्हणाली. "आणि टिंब इसरां नको. तुझ्या त्या बरोबरच्या खुणेचा काय ता मागाहून बघू."